रुपचंदचा डोंगा

“बाबा, पानी मानसाले किती दूर नेते?”

चिंधूबाबा घोंगडीतली कुसळं काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बाबा, मी काही इचारलं.”

“आयकलं.”

“मंग?”

“कोन्या मानसाले? जित्या का मेल्या?”

विचारणारा होता डोमाजी. हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. विचारायची कुणाची छातीच नव्हती.

आता हा डोमाजी कोण, ते आधी ऐका. ढिवरांच्या मोहल्ल्यातला मोठा माणूस. जाळं टाकण्यात त्याचा हात धरणारा सगळ्या झाडीपट्टीत नव्हता. चिंधूबाबांचा पहिला शिष्य. तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, बाबांची झोपडी त्यानं स्वतः शाकारून दिली होती आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. सांगताना त्याची मान जरा जास्तच ताठ व्हायची.

गाव पहिल्या तलावाच्या पाळीवर. तिथून उत्तरेला जमीन उतरत जाते, आणि त्या उतारावर जंगलात एकाखाली एक तलाव आहेत. जुन्या लोकांनी बांधलेले. वरचा भरला की सांडव्यावरून दुसऱ्यात, दुसरा भरला की तिसऱ्यात, असं पाणी पार पाचव्यापर्यंत जातं. उन्हाळ्यात ते पाच वेगळे तलाव असतात. भादव्यात मात्र सगळं एकच पाणी होतं, आणि होडीसारखा डोंगा सांडव्यावरून ओढून खालच्या तलावात उतरवता येतो.

अशाच एका भादव्यात डोमाजीचा एकुलता एक मुलगा रुपचंद डोंगा घेऊन उत्तरेला गेला. डोंगा तिसऱ्या तलावात, देवधानाच्या गवतात अडकलेला सापडला. रुपचंद सापडला नाही.

जाळी टाकली. गळ टाकले. बुड्या मारल्या. काही हाती लागलं नाही.

प्रेत मिळालं नाही तर काय करायचं, याचीही रीत आहे. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि मग दहावं, तेरावं सगळं. चार म्हाताऱ्यांनी डोमाजीला तेच सांगितलं. डोमाजीनं त्यांना ओट्यावरून उठवून लावलं.

“माहा पोरगा पाल्याचा नाही!” तो ओरडला. “हाडूक तरी घेऊन येईन, तवर त्याचं काही करनार नाही.”

तेव्हापासून दर भादव्यात तो पाचही तलाव पालथे घालायचा. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. आणि डोमाजीला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. दुःख खरं होतं, त्यात तिळभर खोट नव्हती. पण खऱ्या दुःखालाही मिरवायची हौस असते, त्याला काय करणार!

तेही चाललं असतं. पण घरात पारबता होती.

पारबता म्हणजे रुपचंदची बायको. लग्नाची हळद पुरती उतरली नव्हती तोवर नवरा गेला. सासू आधीच वारलेली. मूलबाळ नाही. घरात सासरा आणि ती. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, आणि नवरा कुठे म्हणाल तर पाण्यात. ना ती सवाष्ण, ना विधवा. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात काही कमीपणा नाही. पण पाट लावायला आधीचा नवरा मेलेला लागतो ना! इथे सासरा तो मेला म्हणूच देत नव्हता.

यंदा तिचा भाऊ मुरारी येऊन बसला होता. स्थळ घेऊन आला होता. माणूस चांगला, बायको गेलेली, पदरात लहान मुलगी. त्यानं भादवा संपेपर्यंत थांबतो म्हणून कळवलं होतं. त्यापुढे तो दुसरीकडे बघणार होता, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं.

पारबतेला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, “मामाजी म्हनतीन तसं.”

आणि मामाजी काय म्हणाले? “माहा पोरगा मेला हे तुले कोनं सांगतलं?”

मुरारी गरीब स्वभावाचा. भांडला नाही. पण उठूनही गेला नाही. ओट्यावर बसून राहिला.

म्हणून डोमाजी सकाळी उठून बाबांकडे आला होता.

“तुमाले दिसते, बाबा. सांगा मले, कोन्या तलावात हाये तो? यंदा काढतोच. मंग मुरारीले काय सांगाचं ते सांगतो.”

“मले दिसते असं कोनं सांगतलं?”

“साऱ्या गावाले माहीत हाये.”

“गावाले लई माहीत रायते.” बाबांनी घोंगडी झटकली आणि खांद्यावर टाकली. “चाल. जाऊन पाहू.”

डोमाजीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. बाबा पाण्याकाठी राहायचे, पण डोंग्यात बसलेले कुणी पाहिले नव्हते. आणि आज ते त्याच्याबरोबर येत होते! गावानं बघावं असं त्याला वाटून गेलं. तो धावतच आपला नवा डोंगा सोडायला निघाला.

“तो नाही,” बाबा मागून म्हणाले. “रुपचंदचा आन.”

डोमाजीचे पाय जागीच थांबले.

रुपचंदचा डोंगा गोठ्यात होता. दोरांनी आढ्याला टांगलेला. डोमाजी त्याला तेल लावायचा, सणावाराला झेंडूची माळ घालायचा. एकाच खोडात कोरलेला तो डोंगा पोरानं बापाच्या हाताखाली घडवला होता. त्याला पाणी म्हणून लागू दिलं नव्हतं.

आणि इथेच त्याचं चुकलं होतं. ढिवराच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की लाकडाचा डोंगा कोरडा ठेवायचा नसतो. काम नसलं की त्यात दगड भरून तो काठाशी बुडवून ठेवतात. पाण्याखाली तो वर्षानुवर्षं टिकतो. कोरड्यात टांगला की तडकतो. डोमाजीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ज्या पाण्यानं पोरगा नेला, त्या पाण्यात पोराचा डोंगा बुडवायला त्याचा हात धजला नाही.

“तो सुकला, बाबा. गळन.”

“गळू दे.”

“तवापासून पान्यात नाही टाकला मी त्याले.”

“म्हून त म्हनतो. आनतेस, का मी जाऊ झोपाले?”

मुरारीनं हात लावला आणि दोघांनी डोंगा काठावर आणला. बुडाला लांब भेग होती, बोट जाईल एवढी. डोमाजीनं तिच्यात चिंध्या कोंबल्या, वरून चिखल थापला. पारबता दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली.

“उपसाले लागन,” ती म्हणाली, आणि डबा डोमाजीच्या पायाशी ठेवून परत गेली.

पहिल्या तलावाच्या मध्यावर येईतो चिखल विरघळला. पाणी आत यायला लागलं. डोमाजी एकदा बांबू रेटायचा, एकदा डब्यानं पाणी उपसायचा. बाबा पुढच्या टोकाला घोंगडी मांडीवर घेऊन बसले होते.

“इथी पाहिलं होतं?”

“इथी? बाप्पा! इथी त लई बुड्या मारल्या. तळाले नुसता गाळ. हात खांद्यापावतर जाते.”

“अन् तिथी?”

“तिथी जुन्या झाडाचे बुंधे हायेत. एकेक बुंधा चाचपला मी.”

डोमाजी दाखवत चालला, एखादा मालगुजार आपली शेतं दाखवतो तसा. कुठे साप निघाला, कुठे दम कोंडला, कुठे थंडी भरून दोन दिवस उठता आलं नाही. बाबा हूं हूं करत होते.

“लई पाहिलं तू.”

“पाहीन नाही त काय? बाप हाये मी.”

पहिल्या सांडव्यावर दोघं उतरले. डोमाजीनं डोंगा उलटा करून पाणी ओतलं, मग गवतावरून ओढत खाली नेला. दुसऱ्या तलावाचं पाणी काळंभोर होतं आणि काठानं शिंगाड्याचे वेल पसरले होते. भेग आता रुंद झाली होती. डोमाजी उपसत होता, पण त्याचं बोलणं काही थांबलं नाही.

“त्या काठाचं गाव दिसते नं, बाबा? तिथल्या लोकाईनं माहा सत्कार केला होता मागच्या साली. धोतर देलं. चार मानसं भाषनं बोलले.”

बाबांनी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं.

“पोरगा बुडला म्हून?”

“शोधतो म्हून!”

“हां...”

बाबांनी परत तोंड फिरवलं. डोमाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण गुरूला काय बोलणार? तो जोरजोरात पाणी उपसायला लागला. डबा लाकडावर आदळत होता. घोट्यापर्यंतचं पाणी काही केल्या खाली जाईना.

“पारबता केवढी असन रे?” बाबांनी विचारलं.

डोमाजीला सांगता आलं नाही. “असन... लहान हाये अजून.”

“लहान होती. डोमा, मुरारीले काय सांगशीन?”

“सांगीन नं. पोरगा भेटू द्या, मंग सांगीन.”

“अन् नाही भेटला त?”

डोमाजीनं डबा खाली ठेवला. गावासमोर तो कधी रडला नव्हता. भाषणं चालू असतानाही ताठ उभा राहिला होता. आता मात्र त्याचा बांध फुटला.

“बाबा, ती गेली त माहा पोरगा मेला!” तो म्हणाला. “तिच्या हातात बांगड्या हायेत तवर तो हरवला हाये. हरवलेला मानूस कवा ना कवा येते, बाबा. ती सांजच्याले दिवा लावते. मी घरात जातो. मले वाटते, तो मांगून येतच हाये, जाळं वाळू घालून. ती गेली त मले असं कोनाच्या भरोशावर वाटन?”

तो हुंदके देत राहिला. डोंगा पाण्यावर आपोआप फिरत होता.

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. पाणी पोटरीला लागलं तेव्हा फक्त म्हणाले, “उपस.”

दुसरा सांडवा ओलांडला. तिसरा तलाव सगळ्यांत मोठा. देवधान पुरुषभर वाढलेलं, आणि पलीकडच्या काठावर सारसांची जोडी उभी. इथेच डोंगा सापडला होता. त्यानं बांबू आडवा ठेवला, एका हातानं उपसत डोंग्याच्या काठावर वाकला आणि पाण्यात बघायला लागला. दर वर्षी तो इथे असाच बघायचा. इथे त्याला तहानभूक कळत नसे. सूर्य डोक्यावर येऊन कलला तरी कळत नसे.

“डबा दे,” बाबा म्हणाले.

बाबा उपसतील म्हणून त्यानं न बघताच डबा पुढे केला.

बाबांनी डबा हातात घेतला. आतून बघितला, बाहेरून बघितला. मग हात लांब करून पाण्यावर सोडून दिला. डबा कलला, गुडगुड करत बुडाला.

आवाजानं डोमाजी वळला.

“बाबा! काय केलं हे? डबा बुडवला तुमी? डोंगा भरन नं आता! तुमाले पोहता येते का?”

“नाही.”

“नाही?”

“कधी शिकलोच नाही.”

डोमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा शांत बसले होते म्हणावं, तर त्यांच्या मुठीत डोंग्याची कड गच्च धरलेली होती आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. म्हातारा घाबरला होता. चांगलाच घाबरला होता. तरी जागचा हलला नाही.

डोमाजीनं बांबू उचलला आणि रेटायला सुरुवात केली. आयुष्यात रेटला नसेल असा रेटला. पाणी गुडघ्याला आलं. डोंगा जड झाला, देवधानात अडकला, सुटला, पुन्हा अडकला. त्यानं ना उजवीकडे बघितलं ना डावीकडे. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त काठ होता आणि काठाआड येणारं बाबांचं पांढरं डोकं. आणि काठ हाकेवर आला असताना डोंगा त्यांच्या खालून निघून गेला.

बाबा एकदा खाली गेले.

डोमाजीनं बुडी मारली. हाताला घोंगडी लागली, ती सोडली. मग दंड लागला. तो त्यानं असा धरला की पुढे आठवडाभर त्या दंडावर वळ होते. पाय टेकले तसा म्हाताऱ्याला खांद्यावर घातलं आणि चिखल तुडवत पाळीवर आणून पालथं टाकलं. पाठीवर थापा मारल्या. बाबांनी पाणी ओकलं, खोकले, आणि उठून बसले.

आणि मग डोमाजी गुरूवर ओरडला. आजवर ज्या पायांवर डोकं ठेवलं, त्या पायांशी उभं राहून ओरडला.

“डोकं फिरलं का तुमचं? मेले असते नं आत्ता! म्या काय तोंड दाखवलं असतं गावाले? पोरगा गेला, आता तुमी बी...”

बाबा धापा टाकत होते. दाढीतून पाणी गळत होतं. घोंगडी पाण्यावर तरंगत काठाशी आली होती, ती त्यांनी ओढून घेतली.

“डोमा,” ते म्हणाले, “डोंगा सापडला होता त्या जाग्यावरून आनलं तू मले. खाली पाहिलं का?”

“खाली? खाली कायले पाहू? तुमी बुडत होते नं! मी तुमच्याकडे पाहू का...”

तो मधेच थांबला.

“म्हंजे जित्या मानसाले काढता येते तुले,” बाबा म्हणाले, आणि घोंगडी पिळायला लागले.

डोमाजी उभ्याचा खाली बसला. पलीकडचे सारस ओरडले आणि उडून गेले. त्याला पारबता दिसत होती. डबा आणून पायाशी ठेवणारी. रोज दिवा लावणारी. केवढी असेल, हे त्याला अजूनही सांगता आलं नसतं. आपण तिच्याकडे नीट पाहिलंच नाही, हे त्याला कळलं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं गुडघ्यांत तोंड घातलं.

बऱ्याच वेळानं तो उठला. उथळ पाण्यात डोंगा बुडालेला दिसत होता. डोमाजी कमरेएवढ्या पाण्यात शिरला, डोंग्याची कड धरली, ओढून काढायला वाकला... आणि तसाच उभा राहिला.

मग तो परत आला. पाळीवरचा एक दगड उचलला, नेऊन डोंग्यात ठेवला. दुसरा ठेवला. डोंगा तळाशी बसेपर्यंत ठेवत राहिला. बाबांनी मदत केली नाही आणि पुरेही म्हटलं नाही.

“दोन तलाव रायले, बाबा,” तो बाहेर येऊन म्हणाला.

“रायतीन,” बाबा म्हणाले.

दोघं पाळीवरून चालत परतले.

दर वर्षी तलाव धुंडाळून डोमाजी घरी आला की पारबता दारात यायची. “भेटले का?” असं विचारायची. “फुडच्या साली,” असं तो म्हणायचा, आणि ती पाय धुवायला पाणी द्यायची.

आजही ती आली. त्याचे ओले कपडे, रिकामे हात तिनं बघितले. डोंगा नाही, हेही बघितलं.

“भेटले का, मामाजी?”

“नाही वं, पोरी.” त्यानं दाराची चौकट धरली. “नाही भेटत आता. गेला तो. मेला माहा रुपचंद.”

पारबता होती तिथेच खाली बसली. आणि मग ती जी रडली! शेजारच्या बाया धावत आल्या, मुरारी ओट्यावरून उठून आला. इतकी वर्षं तिला रडायचीही मोकळीक नव्हती. नवरा हरवलेल्या बाईनं वाट पाहायची असते, रडायचं नसतं. सगळं आता एकदम बाहेर आलं. डोमाजी तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तोही रडला.

सकाळी पळसाची पानं आली. अंगणात पानांवर पानं मांडून माणूस करायचा होता. म्हाताऱ्यांनी विचारलं, “लांबी किती धराची?”

डोमाजीनं दोन्ही हात पसरून माप दाखवलं.

“नाही, मामाजी,” पारबता दारातून म्हणाली. “एवढे उंच नोहते.”

“नोहता? माह्या कानाले लागत होता तो.”

“तुमच्या हनुवटीले लागत होते.” ती पुढे आली. लाजली, थांबली, मग तळहात आपल्या भुवईवर आडवा धरला. “त्याईची हनुवटी माह्या इथी येत होती.”

डोमाजी तिच्या त्या हाताकडे बघत राहिला. तलावांचा तळ न् तळ त्याला पाठ होता, आणि मुलाची उंची तो चुकला होता. त्यानं वाकून वरची पानं काढली.

“हे बराबर हाये?”

“थोडं आखीन कमी करा.”

त्यानं आणखी कमी केलं. तिनं मान हलवली. मग त्या पाल्याच्या रुपचंदला बापानं अग्नी दिला. पाला तो, जळायला कितीसा वेळ लागणार!

रीतीप्रमाणे सगळं झालं. तेरावं झालं, बांगड्या उतरल्या, आणि डोमाजीनं मुरारीला पाटाचा होकार दिला. भादव्याच्या शेवटी मुरारीनं बंडी जुंपली. पारबता पाया पडली.

“बकरीले कोंडा टाकत जाजा, मामाजी. अन् दार लावत जाजा, कुत्रे शिरतेत.”

“हो.”

“मी येईन मधात मधात.”

“येजो,” डोमाजी म्हणाला. “त्या लेकरालेही आनजो.”

बंडी निघाली. तो वाटेपर्यंत गेला, वाटेवरून पुढे नाक्यापर्यंत गेला, आणि तिथून मात्र परत फिरावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बाबांच्या झोपडीपाशी आला. पाया पडला. बसला. समोर पहिला तलाव काठोकाठ भरलेला होता.

“गेली, बाबा.”

“हूं.”

“तिच्या भल्याचं झालं.”

“झालं.”

“आज जाळं टाकलं मी. मासे लागले. घरी आनले. दारात गेल्यावर आवाज देला तिले.” डोमाजी थांबला. “घरात कोनी नोहतं नं, बाबा. मासे तसेच ठेवले. बकरीपाशी जाऊन बसलो. मंग तिथीही बसवेना.”

बाबा पाण्याकडे बघत होते.

“तुमचं आयकलं मी,” डोमाजी म्हणाला. “जित्याले काढलं. पोरगा जाळला. सून लावून देली. आता घरात मी एकलाच हाये. अंधार पडला की त्या घरात मी कसा जाऊ, ते सांगा.”

बाबांनी त्याच्याकडे मान वळवली.

“सकाळपासून काही खाल्लं का रे?”

“नाही.”

“भात रांधता येते तुले?”

डोमाजीनं मान हलवली. “कधी रांधलाच नाही. आधी बायको होती, मंग सून.”

बाबा कुणाच्या घरी जेवायला जात नसत. कुणी आणून दिलं तर पाळीवर बसून खात, नाहीतर उपाशी झोपत. आजवर त्यांनी गावातला एकही उंबरा ओलांडला नव्हता, डोमाजीचाही नाही. ते काठी टेकत उठले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि गावाच्या वाटेला लागले. थोडं पुढे जाऊन थांबले.

“चाल. दोघाचा रांध. करपला तरी चालन.”